जपानच्या मोटारीचे दात

दिवाळीच्या अंकात निदान चार गोड शब्द लिहावेत, अशी आमच्या संपादकांची दरवर्षी प्रेमळ सूचना असते. परंतु गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, मी भाऊबीजेला अहमदपूरला थोरल्या बहिणीकडे गेलो, तेथे जे घडले त्याची चव काही करंजीसारखी नव्हती. शिवाय त्यात माझाही दोष असल्यामुळे ते एकदा लिहून टाकल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

आमचे दाजी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून आठ लाख रुपये त्यांनी बाजूला ठेवले होते. आक्काचे गुडघे दुखतात. लातूरच्या डॉक्टरांकडे जायचे तर एसटीची पायरी चढवत नाही. तेव्हा घरात एखादी मोटार यावी, एवढाच त्यामागचा हेतू. भाच्याने मात्र त्यासाठी थेट जपान गाठले!

त्याचे असे झाले. भाच्याचा कॉलेजातला एक मित्र टांझानियात दारेसलामला नोकरीस आहे. त्याने तेथे जपानहून आलेली सात आसनांची जुनी मोटार घेतली. घेतली तीही लिलावातून, अडत्यामार्फत. आणि ती उत्तम चालते. यात खोटे काही नाही. जपानात नव्या खासगी मोटारीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी होते आणि मग दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असल्यामुळे पुष्कळ लोक तपासणीच्या सुमारासच जुनी मोटार काढून नवी घेतात. या जुन्या मोटारींचे तेथे आठवड्याच्या आठवड्याला प्रचंड लिलाव भरतात. बोली फक्त सभासदांनाच लावता येते, म्हणून परदेशच्या गिऱ्हाइकाला मध्ये अडत्या घ्यावा लागतो. जपानातही आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात आणि सुकाणू उजवीकडे असते. त्यामुळे केनिया, टांझानिया, न्यूझीलंड, श्रीलंका, बांगलादेश, या साऱ्या देशांत या मोटारी जातात. मग अहमदपूरला का येऊ नयेत, असे भाच्याला वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले?

श्रावणात त्याने मला फोन करून विचारले होते. मी त्या वेळी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवीत होतो. "कल्पना नामी आहे," असे मी म्हणालो आणि पुन्हा कोड्याकडे वळलो. अहमदपूरच्या घरात माझ्या या तीन शब्दांना पुढे सरकारी दाखल्याचे मोल आले, हे मला भाऊबीजेच्या दिवशी कळले.

ओवाळणी झाल्यावर भाच्याने मोबाइलवर मोटार दाखवली. पांढरीशुभ्र, २०१८ सालची. किंमत दहा लाख येन, म्हणजे आपले पावणेसहा लाखांच्या आसपास. "सारे मिळून आठ लाखांत गाडी तुमच्या दारात," असे अडत्याने सांगितले होते. हा अडत्या कोणी पाहिलेला नव्हता. तो फोनवरच भेटे. बोलीची अनामत म्हणून पन्नास हजार रुपये त्याच्याकडे गेलेही होते आणि चार लाखांचा हप्ता सोमवारी पाठवायचा होता.

"अडत्या म्हटला म्हणजे विश्वासाने चालावे लागते," दाजी म्हणाले. दाजींचे निम्मे आयुष्य मोंढ्यात माल घालण्यात गेले आहे. पण तेथे खरेदीदार सोयाबीनच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, दाणा दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मग बोली बोलतो. अडत्याची गादीही चार पावलांवर असते; पट्टीत फरक निघाला तर तिथल्या तिथे भांडता येते.

आक्का निरांजन घेऊन आत निघाली होती, ती उंबऱ्यावर थांबली. "सगळे खरे, पण दात कुणी मोजले रे?"

ज्यांनी माळेगावची जत्रा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला, लोह्याच्या अलीकडे खंडोबाचे माळेगाव आहे. मार्गशीर्षात तेथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. आमचे वडील तेथूनच लाल कंधारी बैल आणीत. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवी. पण वडील आधी बैलाचा जबडा उघडीत. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय रुमालाखाली हात घालायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आक्का लहानपणी त्यांच्याबरोबर जात असे.

"मामी असतात तशा शंका काढतेस," भाचा हसून म्हणाला. "तिकडे तपासनीस असतो, आई. तो गुण देतो." आणि त्याने लिलावाचा तक्ता दाखवला. हेही खरेच होते. लिलावाच्या आधी तपासनीस प्रत्येक मोटारीला गुण देतो, ओरखडा कोठे, पोचा कोठे हे मोटारीच्या आकृतीवर खुणांनी टिपतो. अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीला वेगळी श्रेणी असते. हा तक्ता म्हणजेच मोटारीचे दात. परंतु तक्ता जपानी भाषेत आणि आम्हां तिघांत जपानी येणारा कोणी नाही. त्यातही चासी नंबराच्या जागेवर अडत्याने काळी पट्टी ओढलेली. हे दात याच बैलाचे कशावरून?

रात्री मला झोप येईना. परदेश व्यापार महासंचालनालयाचे नियम मोबाइलवर शोधून वाचीत बसलो. जे श्रावणात करायचे ते कार्तिकात केले! जुनी मोटार आपल्याकडे आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी. ती मुंबईच्याच बंदरातून यावी. आणखी किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी आहे, असा दाखला हवा. म्हणजे पाहा, जपानी मनुष्य पहिल्या तपासणीच्या सुमारास मोटार विकायला काढतो आणि नेमके तेव्हाच आपले दार बंद होते. टांझानियाचा कायदा वेगळा, आपला वेगळा. आमची पांढरीशुभ्र तर सात वर्षांची होती.

तरी मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. मोटार तीन वर्षांच्या आतली असती आणि भाडे-विमा धरून ७ लाखांना मुंबईच्या गोदीत उतरली असती, तर? जकात आणि अधिभार मिळून १३७.५ टक्के, म्हणजे ९ लाख ६२ हजार ५०० रुपये. झाले १६ लाख ६२ हजार ५००. या बेरजेवर मोठ्या मोटारीला ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६ लाख ६५ हजार. एकूण २३ लाख २७ हजार ५००, आणि वाहनकर त्यावर निराळा. आठ लाखांत हे कोठे बसते?

सकाळी अडत्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा. तीन वर्षांच्या नियमाचे काय, असे मी विचारले. तो मोठ्या गोडीने म्हणाला, "साहेब, ते आम्ही पाहून घेऊ. गाडी शेजारच्या देशातून रस्त्याने येईल. पासिंग दुसऱ्या राज्यात करू. कागद पक्के."

दाजींनी काही न बोलता चष्मा काढून पुसला. महिन्यापूर्वीच, २३ सप्टेंबरला, केरळात जकात खात्याने छापे घालून तीसहून अधिक मोटारी ताब्यात घेतल्याची बातमी त्यांनी वाचली होती. भूतानमध्ये लिलावात निघालेल्या मोटारी जकात चुकवून आणल्या आणि खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवल्या, असा संशय होता. मोटारी उचलल्या गेल्या त्या ज्यांनी पैसे मोजून घेतल्या होत्या त्यांच्या दारांतून.

"चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून सांगितले," दाजी एवढेच म्हणाले आणि अंगणात गेले. भाच्याची मान खाली. माझी त्याहून खाली, कारण आक्का माझ्याकडे पाहत होती.

सोमवारचा हप्ता गेला नाही. पन्नास हजारांपैकी फार विनवण्यांनंतर बारा हजार परत आले. पुढे तो फोन लागेनासा झाला. भाच्याने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्यावर पहिल्या काही तासांत ती नोंदवली तर रक्कम अडवता येण्याची आशा असते. आम्ही फोन केला तो पैसे जाऊन दोन महिने झाल्यावर. उरलेल्या अडतीस हजारांपैकी निम्मे मी दिले. दाजी घेत नव्हते, आक्काने घेतले.

संक्रांतीनंतर लातूरला एका ओळखीच्या शिक्षकांची चार वर्षांची मोटार विकायची निघाली. दाजी आणि भाचा ती पाहायला गेले, मीही गेलो. दाजींनी नोंदणीचे पुस्तक, विमा, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, सारे उत्तरपत्रिका तपासावी तसे तपासले. चासी नंबर भाच्याने बॅटरी लावून मोठ्याने वाचला आणि दाजींनी पुस्तकाशी ताडून पाहिला. मग एका मेकॅनिकला बोलावून मोटार खड्ड्यावर घेतली. हे सगळे चालले असता आक्का बाहेर खुर्चीवर बसली होती. ती उठली, मागचे दार उघडून आत बसली, उतरली, पुन्हा बसली.

"पायरी बुटकी आहे," ती म्हणाली. "घ्या."