घराविषयीचे व्याख्यान कोणासाठी?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सन १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशा माला भरू लागल्या. इतिहास, साहित्य, राजकारण या विषयांवर त्यांतून पुष्कळ बोलले गेले. परंतु ज्या घरात आपण राहतो, ते घर उन्हाळ्यात का तापते आणि ते कसे बांधले असता तापणार नाही, या विषयाला त्या मानाने थोडी जागा मिळाली. असे व्याख्यान कधी ठरलेच, तर ते बहुधा बंद, वातानुकूलित सभागृहात होते आणि समोर बसतात ते बहुतेक वास्तुशिल्पज्ञच!

मला हे योग्य वाटत नाही. इमारत पुरी झाली की ती बांधणारे निघून जातात. तिच्यातील उकाडा आणि विजेचे बिल मात्र तेथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून हे व्याख्यान प्रथम त्यांच्यासाठी हवे.

ते जुन्या वाड्याच्या चौकात, सायंकाळी ठेवावे. जाड भिंती सावकाश तापतात, तापलेली हवा उघड्या चौकातून वर निघून जाते. हे कानांनी ऐकण्याआधी श्रोत्यांच्या अंगालाच कळेल. जुने ते सारे सोने, असे मात्र कोणी समजू नये. वाड्यातील कित्येक खोल्या अंधाऱ्या असत, आणि आजच्या शहरातील सर्वांना पुरतील एवढे वाडे बांधायला जागा तरी कोठे आहे? तथापि, त्यांतले मर्म उंच इमारतीतही आणता येते. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील ‘कांचनजंगा’ इमारतीत (१९८३) घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या ओसऱ्या ठेवल्या. ऊन आणि पाऊस त्या ओसऱ्यांतच अडतात.

वक्ता नुसती चित्रे दाखवणारा नसावा. त्याने विटा घेऊन यावे व गवंडीदादांना शेजारी उभे करावे. लॉरी बेकर यांनी केरळात ‘रॅट-ट्रॅप बाँड’ नावाची रचना लोकप्रिय केली. तिच्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, तीतील हवा उष्णता अडवते आणि सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. हे तासभर सांगण्यापेक्षा चार थर रचून दाखवावेत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतील आपल्या ‘संगत’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर पांढऱ्या चिनी फरश्यांचे तुकडे बसवले. पांढऱ्या रंगावरून ऊन परावर्तित होते. असा एखादा तुकडा आणि एक काळी फरशी दुपारपासून उन्हात ठेवावी. श्रोत्यांनी दोहोंना हात लावून पाहावा.

निमंत्रणे गवंड्यांना, सुतारांना, गृहनिर्माण संस्थांच्या चिटणिसांना जावीत. दुपारभर चुलीपाशी किंवा शेगडीपाशी उभ्या राहणाऱ्या आयाबहिणींना तर आवर्जून जावीत. घरातील उकाडा त्यांच्याइतका कोणी जाणत नाही.

आणि प्रश्नांसाठी व्याख्यानाइतकाच वेळ राखावा. आपल्याकडे आभारप्रदर्शन लांबते, प्रश्नकर्त्याला मात्र घड्याळ दाखवले जाते. एखाद्या मुलाने उठून विचारले, “आमच्या वर्गाच्या पश्चिमेकडील खिडकीवर छज्जा का नाही?” तर त्याला हसून खाली बसवू नये. वक्त्याने दुसऱ्या दिवशी ती खिडकी पाहायला शाळेत जावे, आणि मुख्याध्यापकांनाही बरोबर घ्यावे.