दुखणे सरले, देणे उरले

घरासाठी कर्जाचा अर्ज करावा आणि बँकेने पतअहवालातल्या एका अनोळखी थकबाकीवर बोट ठेवावे, हा अनुभव अमेरिकेत अनेकांच्या वाट्याला येतो. नोंदीत वसुली कंपनीचे नाव असते, रक्कम असते. बिल कोणत्या रुग्णालयाचे, हे मात्र दिसत नाही. रुग्णाची माहिती गुप्त राहावी म्हणून कायद्यानेच ते नाव झाकलेले असते. हेतू चांगला, पण त्यामुळे देणे कुठले, हे अनेकदा खुद्द रुग्णालाही उमगत नाही.

अशी बिले तयार होतात ती तिथल्या व्यवस्थेच्या गुंत्यातून. एकदा इमर्जन्सीत गेले की रुग्णालयाचे बिल वेगळे, भूलतज्ज्ञाचे वेगळे, प्रयोगशाळेचे आणखी वेगळे. विमा कंपनी आणि रुग्णालय यांची पत्रापत्री महिनोन्महिने चालते. तोवर रुग्णाने घर बदललेले असते आणि बिल जुन्या पत्त्यावर पडून राहते. चूक कुणाचीही असो, डाग रुग्णाच्या नावाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या पतमापन कंपन्यांनी २०२२ मध्ये फेडलेली वैद्यकीय थकबाकी अहवालातून काढली आणि न फेडलेली नोंदवण्याआधी वर्षभराची मुदत दिली. २०२३ मध्ये ५०० डॉलरखालच्या नोंदीही गेल्या. ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. सुमारे दीड कोटी लोकांच्या अहवालांतली ४९ अब्ज डॉलरची वैद्यकीय थकबाकी पुसणारा नियम तिने केला. जुलैत टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने तो रद्द केला. थकबाकी लपवली तर कर्ज देणारा आंधळा होईल, हा उद्योगाचा दावा. पण माणूस कर्ज फेडेल की नाही, याचा अंदाज वैद्यकीय थकबाकीवरून नीट बांधता येत नाही, असे याच संस्थेचा अभ्यास सांगतो. आजारपण कुणी हौसेने ओढवून घेत नाही. त्यामुळे देणे खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावरच हवी.

तोवर तिथल्या मराठी कुटुंबांनी घाबरून पैसे भरू नयेत. वसुलीची नोटीस आल्यापासून ३० दिवसांत देण्याचा पुरावा लेखी मागावा, उपचाराची तारीख विमा कंपनीच्या हिशेबाशी ताडून पाहावी आणि चुकीच्या नोंदीवर तिन्ही कंपन्यांकडे हरकत घ्यावी.

हा प्रश्न सातासमुद्रापार राहिलेला नाही. याच तिन्ही समूहांच्या कंपन्या भारतातही पतअहवाल तयार करतात. सिबिल हे त्यातले घराघरांत पोचलेले नाव. आपल्याकडे रुग्णालयाचे बिल थेट अहवालात जात नाही. पण तेच बिल ईएमआयवर भरायचे म्हणून काउंटरवर कागदावर सही केली की ते कर्ज होते आणि हप्ता चुकला की सिबिलवर उमटते. रुग्ण आत ऑपरेशन टेबलवर असताना बाहेर नातेवाईक काय वाचून सही करणार? पतअहवालातल्या चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. मात्र नोंद पाहिलीच नाही, तर तक्रार करणार कोण? प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून वाचा. कर्जाची गरज पडेपर्यंत थांबू नका.