नेट नसताना पळणारा डायनासोर आणि नेटशिवाय न हलणारी ॲपं



आज पिकावर नाही, मोबाइलवर लिहायलोय. पण शेवटी गाडी शेतातच येणार आहे, तेव्हा वाचा.

रेंज गेली की क्रोममध्ये जो काळा डायनासोर दिसतो, तो येलदरीच्या शिवारात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बोट लावलं की पळायला लागतो. समोर निवडुंग आलं की उडी मारायची, बस्स. शंभर गुण झाले की बारीक आवाज येतो, सातशेला स्क्रीनवर रात्र होते, वेग वाढत जातो आणि कुठंतरी धडकून खेळ संपतो. ना पासवर्ड, ना ओटीपी, ना जाहिरात.

आपल्याकडं तो इतका का खेळला जातो, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची. आखाड्यावर बसून वाट बघायची. लाईट गेलेली असली की टॉवरची बॅटरीही काही वेळानं मान टाकते. धरणाच्या पायथ्याला साडेसात मेगावॅटचे 3 संच, म्हणजे 22.5 मेगावॅटचं वीजघर, आणि त्याच धरणाच्या गावात माणूस अंधारात डायनासोर पळवत बसलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खोलगट रानात तर लाईट असूनही रेंज नसते, फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं.

आता हा खेळ आला कुठून ते बघा, कारण माझा मुद्दा तिथंच आहे. सप्टेंबर 2014 मध्ये गुगलनं तो क्रोममध्ये टाकला. नेट गेलं म्हणजे माणूस अश्मयुगाच्याही मागं गेला, अशी त्यातली गंमत. पण जुन्या अँड्रॉइड फोनवर तो नीट चालेना. मग त्या लोकांनी कोड पुन्हा लिहिला आणि डिसेंबरपर्यंत तो सगळीकडं चालवून दाखवला. नुसत्या टाइमपाससाठी जुन्या फोनचा एवढा विचार केला! 2018 मध्ये गुगलनंच सांगितलं की दर महिन्याला हा खेळ 27 कोटी वेळा खेळला जातो, आणि त्यातला मोठा वाटा जिथं नेट महाग किंवा बेभरवशाचं आहे तिथला. त्यांनी घेतलेल्या देशांच्या नावात आपलंही नाव होतं.

म्हणजे आपली रेंज जाते, हे अमेरिकेत बसलेल्या माणसाला माहीत आहे. शेतकऱ्यासाठी ॲप बनवणाऱ्याला माहीत नाही, हे मला पटत नाही.

मागच्या खरिपात सोयाबीनमध्ये चक्री भुंग्याची खूण दिसली. फांदीवर दोन गोल चकत्या, वरचं पान सुकलेलं. सल्ला देणारं एक ॲप फोनमध्ये होतं, म्हणलं खात्री करून घ्यावी. उघडलं तर गोल फिरायलंय. पाच मिनिटं फिरलं आणि वर आलं, लॉगिन करा. लॉगिनला ओटीपी, ओटीपीला रेंज. शेजारी पुतण्या उभा होता, तो म्हणला, "काका, ह्याच्यापेक्षा डायनासोर बरा, निदान पळतो तरी."

हसलो, पण पोरगं खरं बोललं. डायनासोर पळतो कारण त्याला जे लागतं ते सगळं क्रोमसोबत आधीच फोनमध्ये येऊन बसलेलं असतं. बाहेरून काहीच आणायचं नसतं. मग चक्री भुंग्याचा फोटो आणि लक्षणं बाहेरून आणायची गरज का पडावी? खोडमाशी, उंटअळी, बोंडअळी यांची ओळख रोज बदलते का? 5 टक्के निंबोळी अर्क म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी, हे मंगळवारी एक आणि शुक्रवारी दुसरं असतं का? ही माहिती एकदा फोनमध्ये उतरवून ठेवली की हंगामभर पुरते. शिफारस बदललीच तर रेंज आल्यावर बदलून घ्यावी. बाजारभाव आणि हवामान रोज ताजं लागतं, ते मान्य. पण तिथंही कोरी स्क्रीन दाखवण्यापेक्षा शेवटचा अंदाज तारखेसकट दाखवावा. तो कालचा आहे की परवाचा, ते आम्ही वाचून ठरवू. तेवढी अक्कल शेतकऱ्याला आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आमच्या गावात ती बहुतेक लोक व्हॉट्सॲपवरच वाचतात. कारण एकच, टेकाडावर गेल्यावर एकदा उतरवली की रानात जाऊनही उघडते. लाखोंच्या ॲपला जे जमत नाही, ते एका साध्या फोटोला जमतं.

आता पंचाईत कुठं होते ते सांगतो. सल्ला नाही मिळाला तर माणूस शेजाऱ्याला विचारतो, भागतं. नोंदीचं तसं नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर, शेतात उभं राहून करायची पद्धत सुरू झाली. पीकविम्यात नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची, हा नियम तर आपण कैक वर्षं पाळलाय. पण अतिवृष्टीत काय होतं? पहिल्यांदा लाईट जाते, मग टॉवर जातो, आणि ओढ्याला पाणी असलं की रस्ताही जातो. घड्याळ मात्र चालूच. नुकसान जेवढं मोठं, तेवढी ते कळवायची सोय कमी.

यात तांत्रिक अडचण आहे म्हणावं, तर तेही फारसं खरं नाही. जीपीएसचं ठिकाण उपग्रहावरून मिळतं, त्याला सिमची रेंज लागत नाही. रेंज नसताना ठिकाण सापडायला जरा वेळ लागतो एवढंच. फोटो कॅमेरा काढतो आणि वेळ फोनच्या घड्याळात असते. फोटो, ठिकाण, वेळ, तिन्ही गोष्टी विनारेंज मिळतात. त्या फोनमध्ये धरून ठेवायच्या, रेंज आली की आपोआप पाठवायच्या, आणि 72 तास मोजताना फोटोची वेळ धरायची, पाठवल्याची नाही. असं केलं तर निम्मी भांडणं मिटतील. फोनचं घड्याळ मागं करून कुणी फसवेल म्हणाल, तर उपग्रहाकडून वेळही मिळते, ती पडताळा.

एक ओळखीचे कृषी अधिकारी म्हणाले, "आता फाइव्ह जी आलंय, दोन वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही." साहेब, थ्री जीच्या वेळीही हेच ऐकलं होतं. टॉवर वाढलेत, मी नाही म्हणत नाही. पण वीज पडायची, वारं सुटायचं, लाईट जायची, ती जातच राहणार. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, प्रत्येकानं ठेवावं. पण आभाळ भरून आल्यावर आधी नेटच जातं, म्हणून अशा इशाऱ्याला साध्या एसएमएसची जोड हवी. डेटा चालत नाही तिथंही एखादी कांडी असली तर एसएमएस येऊन पडतो.

जाता जाता डायनासोरवर चिडणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगतो. पोरगं तो खेळत असलं तर खेळू द्या. आपणही 1100 च्या फोनवर साप वाढवत बसलोच होतो की! या खेळात पैसे लागत नाहीत आणि जातही नाहीत. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंदी आली, पण तोवर रमीच्या नादात गावोगाव काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते सगळे खेळ नेट असल्यावरचे होते.

पेरणीच्या आधी एक काम करा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि शेतीची म्हणून जेवढी ॲपं घेतलीत ती एकेक उघडून बघा. कोणतं उघडलं, कोणतं नुसतं गोल फिरलं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. कृषी विद्यापीठातली, कंपन्यांतली मंडळीही हे पेज वाचतात, त्यांनी आपापलं ॲप असंच तपासावं. मी दोन दिवस खालच्या रानात आहे, टेकाडावर आलो की सगळ्या कमेंट वाचतो.