शब्द ‘हिंदू विकासदरा’चा, पाप परवानाराजचे

एखादा समाज दरिद्री का राहतो, या प्रश्नाचे एक अत्यंत सोयीचे उत्तर आपल्याकडील विद्वानांनी दीर्घकाळ जपून ठेवले आहे. ते असे, की दारिद्र्याचे मूळ त्या समाजाच्या संस्कृतीतच असते. हिंदू समाज दैववादी, ऐहिकाविषयी उदासीन, परलोकाकडे डोळे लावून बसलेला. मग त्याची भरभराट व्हावी कशी? या उत्तराला १९७८ च्या सुमारास एक आकर्षक नावही मिळाले. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अर्थतज्ज्ञ प्रा. राज कृष्ण यांनी भारताच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळणाऱ्या वाढीला ‘हिंदू विकासदर’ म्हटले. त्यांचा मूळ हेतू काहीही असो, पुढे हा शब्द परिसंवादांत आणि अग्रलेखांत असा काही फिरला, की जणू अर्थशास्त्राचा एखादा सिद्धांतच सिद्ध झाला!

सिद्धांताला पुराव्याची कसोटी असते. ती येथे लावून पाहू.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्रजी अमलात, भारताची अर्थव्यवस्था वर्षाला जेमतेम एक टक्क्याने वाढत होती. १९५० ते १९८० या काळात हा वेग साडेतीन टक्के झाला. १९८० च्या दशकात तो पाच टक्क्यांच्या पुढे गेला आणि २००३ ते २००८ या काळात आठ टक्क्यांच्या घरात पोहोचला. या साऱ्या काळात देशातील बहुसंख्य समाज हिंदूच होता. कर्मसिद्धांत तोच, सण तेच, देव तेच. एकच कारण एक टक्काही घडवते आणि आठ टक्केही घडवते असे म्हणणे, म्हणजे ते कारण नव्हेच अशी कबुली देणे होय.

इतिहासाची साक्ष

अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अनुमानानुसार १७०० साली जगाच्या एकूण उत्पादनात भारताचा वाटा सुमारे २४ टक्के होता. १९५० साली तो चार टक्क्यांच्या आसपास उरला. ही घसरण केवळ लुटीमुळे झाली असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युरोपात यंत्रयुग आले, तेथील उत्पादन अनेक पटींनी वाढले आणि आपण त्या शर्यतीत मागे पडलो. परंतु मागे पडलेल्याला पुढे येऊ न देण्याची तजवीजही झाली, हे विसरून कसे चालेल? मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा १८९६ मध्ये त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसवले गेले. हेतू उघड होता, लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको. हे शुल्क रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. आपलेच कापड, आपल्याच बाजारात आणि कर मात्र परदेशी गिरणीवाल्याच्या सोयीसाठी!

आपल्या पूर्वसूरींना हे नीट उमगले होते. दादाभाई नौरोजींनी देशातून बाहेर वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन इंग्रजी पुस्तकांतील नियम येथे जसेच्या तसे लागू करण्यास हरकत घेतली. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी माणसाने १९०४ मध्ये बंगाली भाषेत ‘देशेर कथा’ लिहून हीच व्यथा बंगालच्या घराघरांत पोहोचवली. दारिद्र्याचे कारण शोधताना यांपैकी कोणी केवळ आपल्या देवघराकडे बोट दाखवले नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र बदलायला हवे होते. पण १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवी वस्तू बनवायला परवाना, अशी व्यवस्था आणली. परवान्यापेक्षा अधिक उत्पादन करणे हा गुन्हा ठरला! स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहणारी आणि टेलिफोनचा क्रमांक लागला म्हणून पेढे वाटणारी मध्यमवर्गीय पिढी आजही आपल्यात आहे. तो रांगेत उभा असलेला माणूस दैववादी होता, की दिल्लीतल्या कचेरीने त्याला रांगेत उभे केले होते? १९९१ मध्ये परवान्यांची बेडी सैल झाली आणि तोच माणूस धावू लागला. बेडी घातली धोरणांनी आणि चालीला नाव मात्र त्याच्या धर्माचे द्यावे, याला विद्वत्ता म्हणायचे की कांगावा?

हा खेळ केवळ आपल्यापुरता नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१५-१६ च्या सुमारास चीनच्या कन्फ्यूशियन परंपरेत आणि भारताच्या हिंदू परंपरेत आधुनिक भांडवलशाही उपजू शकली नाही, असे प्रतिपादन केले. पुढे दक्षिण कोरिया आणि तैवान समृद्ध झाले, तेव्हा त्यांच्या यशाचे श्रेय त्याच कन्फ्यूशियन शिस्तीला देण्यात आले. हरलात तर संस्कृतीमुळे आणि जिंकलात तरी संस्कृतीमुळे! निकाल लागल्यावर वर्तवलेल्या भविष्याला शास्त्र म्हणत नाहीत.

लोकसंख्येचा बागुलबुवा

दुसरा आरोप लोकसंख्येचा. ‘यांना मुले फार होतात, म्हणून हे गरीब.’ अमेरिकेतील पॉल एर्लिक यांच्या १९६८ च्या ‘पॉप्युलेशन बाँब’ या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीच्या गर्दीनेच होते. सत्तरीच्या दशकात कोट्यवधी माणसे भुकेने मरतील, हे त्यांचे भाकीत होते. प्रत्यक्षात भारतीय शेतकऱ्याने गव्हाचे उत्पादन १९६५-६६ मधील सुमारे १ कोटी ४ लाख टनांवरून १९७०-७१ मध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर नेले.

मुळात लोकसंख्या वाढली कशी, हेही पाहिले पाहिजे. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढली नव्हती, किंचित घटली होती. १९१८ च्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. विवाहाच्या आणि अपत्यांच्या रूढी तेव्हाही त्याच होत्या. पुढे साथी व दुष्काळ आटोक्यात आले, मृत्यू घटले, म्हणून लोकसंख्या वाढली. जगू लागलेल्या बालकांना ओझे मानणाऱ्यांनी मग आणीबाणीत सक्तीचा मार्ग धरला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते टळले. सक्तीने जे साधले नाही, ते मुलींच्या शाळेने आणि बालमृत्यू घटल्याने साधले. १९५० च्या सुमारास स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेले अपत्यांचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.० वर आले. महाराष्ट्रात ते १.७ होते.

आपलीही झाडाझडती

मग संस्कृतीला काहीच अर्थ नाही काय? आहे. आणि म्हणूनच इतरांना जाब विचारताना स्वतःलाही विचारला पाहिजे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. २००१ साली उसाच्या पैशाने सधन झालेल्या कोल्हापूर-सांगली भागात हा आकडा साडेआठशेच्या आसपास होता. हे ना इंग्रजांनी केले, ना दिल्लीच्या परवान्याने. हातात पैसा आला, यंत्र आले आणि जुनी पुत्रलालसा त्या यंत्रापुढे जाऊन बसली. देवीची पूजा करणाऱ्या समाजाने या आकड्यापुढे मान खाली घालायला हवी. वारसा म्हणजे केवळ मिरवण्याची वस्तू नव्हे.

पुढचे आव्हान आणखी निराळे आहे. १९६० मध्ये स्त्रीमागे सहा अपत्ये असलेल्या दक्षिण कोरियात २०२३ साली हे प्रमाण ०.७२ झाले. तो देश आधी श्रीमंत झाला आणि मग वृद्ध होऊ लागला. आपण श्रीमंत होण्याआधीच वृद्ध झालो तर? २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरुण मुंबई-पुण्याकडे गेले, गावात म्हातारे राहिले. उद्याच्या महाराष्ट्राचे हे चित्र कोकणाने आधीच रंगवून ठेवले आहे. काम करणारे हात अधिक आणि आधार मागणारे हात कमी, ही संधी राष्ट्राच्या आयुष्यात एकदाच येते. ती काही दशकांतच सरेल.

तेव्हा ‘हिंदू विकासदर’ म्हणणाऱ्यांना ठणकावून उत्तर द्यावे, ते अवश्य द्यावे. पण उत्तर केवळ वादसभेत देऊन भागणार नाही. गावात रोजगार उभा राहिला, तरुणाच्या हाताला कौशल्य मिळाले, मुलगी जन्मली, शिकली आणि कमावती झाली, वृद्धांना एकटेपण आले नाही, तरच ते उत्तर पुरे होईल. समाजाचे भवितव्य त्याच्या पोथ्यांत लिहिलेले नसते. त्याच्या धोरणांत आणि रोजच्या वागण्यात ते लिहिले जात असते. ती लेखणी आता कोणा परक्याच्या हाती नाही, आपल्याच हाती आहे.