एक राज्य, तीन संघ

महाराष्ट्र राज्य एक असताना रणजी करंडकाच्या स्पर्धेत त्याचे तीन संघ का उतरतात, हा प्रश्न क्रीडारसिकांच्या चर्चेत वारंवार डोके वर काढतो. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघांतील निवडक अकरा खेळाडू एकत्र केले तर त्यांच्यापुढे कोणाची मात्रा चालेल, असे गणित त्यासाठी मांडले जाते. संयुक्त महाराष्ट्रासाठी एवढा मोठा लढा दिल्यावर क्रिकेटच्या मैदानावर मात्र आपण त्रिभागलेले का राहावे, असा भावनेचा सूरही त्याला जोडला जातो. हे गणित आकर्षक आहे आणि ती भावना प्रामाणिक आहे. परंतु खेळाचा संसार केवळ बेरजेवर चालत नाही, आणि राज्याच्या ऐक्याची कसोटी क्रिकेटच्या धावफलकावर लागत नाही.

प्रथम इतिहास पाहणे इष्ट ठरेल. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. महाराष्ट्र या नावाचा क्रिकेट संघ मात्र १९३४-३५ मध्ये, रणजी करंडकाच्या पहिल्याच हंगामात, मैदानात उतरला होता. म्हणजे संघाचे नाव राज्याहून पाव शतकाने वडील आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळविले, तेव्हा त्याचे प्रतिस्पर्धी असलेले मुंबईचे खेळाडू परके मानले गेले नाहीत. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १९५७-५८ पासून त्याचा संघ त्या नावाने खेळू लागला. तेव्हा एका राज्याचे तीन तुकडे कोणी पाडले, हा आरोपच मुळात निराधार आहे. तीन निरनिराळी घरे आधीपासून नांदती होती. त्यांच्यावर राज्याचे एकच छप्पर नंतर आले.

ब्रिटनचा धडा

असाच वाद फुटबॉलच्या क्षेत्रात ब्रिटनमध्ये कित्येक दशके चालू आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून राष्ट्र एक, पण फुटबॉलच्या संघटना चार आणि संघही चार. जगातील पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना १८७२ मध्ये ग्लासगो येथे झाला, तो याच घरातील स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात. या चौघांचा एकच संघ हवा, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट किंवा वेल्सचा रायन गिग्ज यांच्या तोडीचे खेळाडू विश्वचषकाच्या अंतिम फेरीत एकदाही खेळू शकले नाहीत. संयुक्त संघ असता तर त्यांना ती संधी बहुधा मिळाली असती.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत जेमतेम तीस लाख वस्तीच्या वेल्सने बेल्जियमला हरवून उपांत्य फेरी गाठली. संयुक्त संघात त्या अकरा जणांपैकी किती जणांना स्थान मिळाले असते? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनने संयुक्त संघ उतरविलाही. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांचा त्याला विरोध होता, कारण एकदा एकत्र खेळलो की आपले स्वतंत्र अस्तित्व आणि त्याबरोबरचे अधिकार धोक्यात येतील, ही त्यांची धास्ती होती. पुरुषांच्या अठरा जणांच्या त्या चमूत तेरा इंग्लंडचे आणि पाच वेल्सचे होते, स्कॉटलंडचा किंवा उत्तर आयर्लंडचा एकही नव्हता. महिलांच्या चमूत स्कॉटलंडच्या दोघी होत्या, वेल्सची एकही नव्हती. मोठ्याच्या पंगतीला लहानाने बसावे तर पान कोणाचे रिकामे राहते, हे यावरून स्पष्ट होते. दोन्ही संघ उपांत्यपूर्व फेरीतच हरले. मात्र धास्ती खरी ठरली नाही, चारही संघटना आजही पूर्ववत आहेत. तात्पर्य असे की प्रसंगाने एकत्र येणे निराळे आणि कायमचे विलीन होणे निराळे.

मत आणि संघ

आपल्याकडे हा प्रश्न मतदानाच्या निमित्ताने ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व मांडले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यायालयाने ते मान्य केले. त्यामागे न्यायबुद्धी होती. महाराष्ट्र आणि गुजरात यांना प्रत्येकी तीन मते आणि बिहारसारख्या विशाल राज्याला एकही नाही, ही स्थिती समर्थनीय नव्हती. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ऐतिहासिक परंपरेचा विचार करून मुंबई, विदर्भ, बडोदे आणि सौराष्ट्र यांना पूर्ण सदस्यत्व परत दिले. २०१८-१९ च्या हंगामात बिहार आणि ईशान्येकडील राज्यांचे संघही रणजी स्पर्धेत उतरले. वंचिताला न्याय द्यायचा तो दुसऱ्याचे ताट ओढून नव्हे, तर पंगत वाढवून, हाच या घटनाक्रमाचा अर्थ.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मत हा कारभाराचा विषय आहे आणि संघ हा खेळाचा. एका राज्याला मते किती असावीत याविषयी दुमत संभवते. लोढा समितीनेही या संघांचे खेळणे बंद करावे असे म्हटले नव्हते. तेव्हा मतांच्या न्यायाचे नाव घेऊन संघच एक करण्याची मागणी करणे म्हणजे भलत्याच रोगावर भलतेच औषध होय. शिवाय ब्रिटनचे संघ ही खेळाडूच्या चढणीची शेवटची पायरी आहे, तर रणजीचा संघ ही भारतीय संघाकडे नेणारी मधली पायरी आहे. मधल्या पायऱ्या कमी केल्याने चढण सोपी होत नाही.

विदर्भाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साठ वर्षे हा संघ दुबळ्यांत मोजला गेला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबई विजेती ठरत होती, तेव्हा विदर्भाला मुंबईत विलीन करा असे कोणी म्हटले असते तर ते व्यवहार्यच वाटले असते. पण तो संघ टिकला, म्हणून २०१७-१८ मध्ये त्याने दिल्लीला हरवून प्रथमच करंडक जिंकला, पुढच्याच वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा मिळविला. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात तर मुंबई आणि विदर्भच समोरासमोर होते. एकच संघ असता तर हा सामना झालाच नसता.

सातारा-सांगलीचा हिशेब

सातारा आणि सांगली हे जिल्हे क्रिकेटच्या व्यवस्थेत पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र संघटनेकडे येतात. तीन संघ म्हणजे तेहेतीस जागा, एक संघ म्हणजे अकरा. राज्याचा एकच संघ झाला तर निवडीचे केंद्र कोठे सरकेल हे सांगायला ज्योतिषी नको. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि पुढे त्याच बडोद्याकडून खेळून नाव गाजविले. संघ अनेक होते म्हणून त्यांच्यापुढे दारेही अनेक होती. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली आणि २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालील सामन्यात तिने नाबाद २२४ धावा काढल्या. तीच २०२५ मध्ये विश्वविजेत्या भारतीय संघाची उपकर्णधार होती आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिच्या खांद्याला खांदा लावून खेळत होती. निराळ्या संघांतून आलेल्या या दोघींच्या मनात दुरावा निर्माण झाला, असे कोणी म्हणणार नाही.

या भागातील वाचकांना तर हे अधिक सांगायला नको. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठचे नाते तुटले नाही. खो-खोमध्ये कोल्हापूर आणि विदर्भ यांचे संघ महाराष्ट्रापासून वेगळे खेळत आले आहेत, म्हणून त्या खेळाची हानी झाली नाही. २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे तिरंदाजीत जगज्जेते ठरले, आणि नागपूरच्या ओजसची साधनाही साताऱ्यातच झाली होती. सीमा असाव्यात, त्यांच्या भिंती होऊ नयेत.

अर्थात स्वतंत्र संघाचे समर्थन करणाऱ्यांवर एक जबाबदारीही येते. लहानांना वाव मिळावा म्हणून संघ वेगळा ठेवायचा आणि त्या संघाची दारे एका शहरापुरती उघडायची, हे चालणार नाही. मुंबईपासून वेगळे राहण्याचा पुण्याला जो अधिकार आहे, त्याच न्यायाने फलटण, कराड, मिरज आणि जत येथील मुलांचा पुण्यावर अधिकार आहे. निवड चाचण्या जिल्ह्याजिल्ह्यांत व्हाव्यात, त्यांचे निकष आधी जाहीर व्हावेत, तालुक्याच्या गावी बाराही महिने वापरता येतील अशा खेळपट्ट्या आणि शिकविणारी माणसे असावीत. संघ किती, यापेक्षा संघापर्यंत पोचणाऱ्या वाटा किती, हा खरा प्रश्न आहे.

प्रसंगाने एकत्र येण्याची सोय आजही आहे. दुलीप करंडकात मुंबई आणि महाराष्ट्र यांचे खेळाडू पश्चिम विभागाकडून एकत्र खेळतात. विदर्भ मध्य विभागात जातो. तिघांना एकत्र आणणारा एखादा प्रदर्शनीय सामना भरवायचा असेल तर तो अवश्य भरवावा, रसिकांची हौस फिटेल. पण वर्षभराचा संसार तीन चुलींवरच चालू द्यावा. जत किंवा माणमधल्या एखाद्या मुलाला चेंडू टाकता येतो की नाही हे पाहणारे कोणी तरी जवळ असावे, एवढ्यासाठी तरी त्या तिन्ही पेटत्या राहिल्या पाहिजेत.