'आपण' की 'आम्ही'? : एका बर्फाळ डोंगराची मालकी

ज्याने आयुष्यात कधी पायाला स्की बांधली नाही आणि बर्फ पाहिला तो बहुतेक सरबताच्या गाडीवर, अशा मराठीच्या प्राध्यापकाने स्कीइंगवर लिहावे हे हास्यास्पद आहे, हे मान्य करूनच सुरुवात करतो. निमित्त माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे. बॉस्टनला नोकरी करणारा हा मुलगा दर हिवाळ्यात व्हरमाँट राज्यातल्या किलिंग्टन या डोंगरावर जातो. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याचे पत्र आले. त्यात एक वाक्य होते : "सर, आपण डोंगर विकत घेतला!"

बातमी खरी होती. 2007 पासून किलिंग्टन पावडर नावाच्या, युटामध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीकडे होते. (ताज्या, भुसभुशीत हिमाला स्कीवाले ज्या शब्दाने ओळखतात, तोच शब्द स्पेलिंगमधले एक अक्षर गाळून या कंपनीने नाव म्हणून घेतला आहे. भाषेची खासगी मालकी इथूनच सुरू होते.) या कंपनीने किलिंग्टन आणि शेजारचे पिको ही दोन्ही स्की-क्षेत्रे एका गुंतवणूकदार गटाला विकली. गटाचे म्होरके फिल ग्रॉस आणि मायकल फेरी हे दोघेही वर्षानुवर्षे तिथे स्कीइंग करणारे, हंगामी पास बाळगणारे. त्यामुळे जिकडेतिकडे बातमीचा मथितार्थ एकच झाला : पासधारकांनी आपला डोंगर परत मिळवला.

माझा आक्षेप या 'आपला'ला आहे.

इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे ते सर्वनाम सांगत नाही. मराठीत मात्र बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. 'आपण' म्हटले की ऐकणारा आत आला; 'आम्ही' म्हटले की तो दाराबाहेर. किलिंग्टनच्या बातमीचे मराठीत प्रामाणिक भाषांतर करायचे तर वाक्य असे होईल : "आम्ही डोंगर विकत घेतला, आपण त्यावर पैसे भरून स्कीइंग करू." माझ्या विद्यार्थ्याने लिहिले नेमके उलटे. मराठीत विचार करणारा मुलगा इंग्रजी सर्वनामाला फसला! ग्रॉस हे बॉस्टनच्या एका मोठ्या गुंतवणूक संस्थेचे सहसंस्थापक आहेत. त्यांनी पास बाळगणे आणि माझ्या विद्यार्थ्याने पास बाळगणे या दोन कृती दिसायला सारख्या असल्या, तरी व्याकरणदृष्ट्या वेगळ्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, आशा बाळगण्यात काय गैर? गैर काहीच नाही. पण ही आशा नवी नाही, हे तरी लक्षात घ्यावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे कथानक पाठ असते : दुष्ट राजा जातो, वनवासातला खरा वारस परततो, प्रजा गुढ्या उभारते. किलिंग्टनला हा प्रयोग तिसऱ्यांदा लागला आहे. 1958 च्या डिसेंबरमध्ये प्रेस्टन लीट स्मिथ यांनी हे क्षेत्र सुरू केले. 1996 मध्ये ते लेस ऑटन यांच्या अमेरिकन स्कीइंग कंपनीकडे गेले, तेव्हाही आशेला भरते आले होते. नवी गोंडोला आली, मोठे हॉटेल आले. किलिंग्टन आणि पिको हे डोंगर एकमेकांना जोडू, असे वचनही आले. ते अद्याप वचनच आहे. कंपनी कर्जात बुडाली आणि एकेक डोंगर विकत गेली. 2007 मध्ये पावडर आली, तेव्हा आधीच्या हलाखीला विटलेले लोक म्हणाले, आता तरी पैसे असलेला मालक आला. या पैसेवाल्या मालकाच्या पहिल्या काही निर्णयांतला एक निर्णय या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

डोंगर उभा राहत होता तेव्हा स्मिथ यांच्याकडे भांडवल नव्हते. सुरुवातीच्या काळात ज्यांनी भागभांडवल दिले, त्यांतल्या अनेकांना बदल्यात दीर्घ मुदतीचे पास मिळाले. दुसऱ्याच्या नावे करता येतील असे. लोकांनी ते मुलांना दिले, विकले, विकत घेतले. 1996 च्या बदलातही ते टिकले. पण 2007 च्या खरेदीनंतर नव्या मालकांनी सांगितले की आम्ही मालमत्ता घेतली आहे, जुन्या कंपनीने दिलेली वचने घेतलेली नाहीत. पासधारक न्यायालयात गेले आणि हरले. कायद्याच्या दृष्टीने निकालात वावगे काही नसेलही. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. ज्यांच्या पैशांतून लिफ्टचे खांब उभे राहिले, त्यांनाही डोंगर बदलत्या मालकाच्या हातून राखता आला नाही. मग ज्याच्याकडे फक्त यंदाच्या हंगामाचा पास आहे, त्याने 'आपला' हा शब्द कोणत्या आधारावर उच्चारायचा?

नव्या मालकांवर अन्याय करू नये. त्यांनी 3 कोटी डॉलरांहून अधिक गुंतवणूक जाहीर केली. कृत्रिम हिम फवारणाऱ्या नव्या तोफा आणल्या. सुपरस्टार या उतारावर सहाआसनी नवी लिफ्ट हाती घेतली. व्हरमाँटच्या हिवाळ्यात ऐन जानेवारीतही पाऊस पडतो आणि उतार एका रात्रीत निसरडा काच होतो. तिथे हिम हे आकाशातून कमी आणि नळातून जास्त येते; म्हणजे तोफांवरचा खर्च ही चैन नव्हे. 2016 पासून याच उतारावर महिलांच्या विश्वचषक शर्यती होत आल्या. लिफ्टच्या कामामुळे 2025 ची शर्यत कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटनला गेली, हेही समजण्यासारखे आहे. चांगला मालक असतो, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की चांगुलपणा हा मालकाचा गुण आहे, स्कीवाल्याचा हक्क नव्हे; आणि गुण खरेदीखतात उतरत नाहीत.

(हे लिहिताना एका महाविद्यालयातली स्टाफरूम आठवते. संस्थेचे कार्यकारी मंडळ बदलले की पेढे वाटले जात. "नवे अध्यक्ष आपल्यातलेच आहेत, माजी विद्यार्थी आहेत," असे प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणे. ग्रंथालयाच्या छताची गळती तीन अध्यक्षांनंतरही तशीच होती. असो.)

वेगळे काही शक्यच नाही का? आहे, आणि तेही त्याच व्हरमाँटमध्ये. मॅड रिव्हर ग्लेन हे 1940 च्या दशकात रोलंड पामेडो यांनी उभारलेले लहानसे क्षेत्र. 1995 मध्ये तेव्हाच्या मालकीणबाई बेट्सी प्रॅट यांनी ते कोण्या वारसाला किंवा गटाला न देता स्कीवाल्यांच्या सहकारी संस्थेला विकले. शेकडो सामान्य माणसांनी भाग घेतले. सहकार या शब्दाची आपल्याकडे काय दशा झाली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. म्हणून मी या संस्थेची आरती ओवाळणार नाही. तिथे स्नोबोर्डला अजूनही बंदी आहे, आणि बाहेरच्याला ती हेकटपणाच वाटेल. पण तो हेका सभासदांचा आहे. 1948 ची एकआसनी लिफ्ट जीर्ण झाली, तेव्हा अधिक माणसे नेणारी नवी बसवण्याऐवजी 2007 मध्ये तीच जुनी दुरुस्त करून पुन्हा उभी केली गेली. एका खुर्चीत एकच माणूस. कोणत्याही गुंतवणूकदाराच्या हिशेबात न बसणारा हा निर्णय चूक असेल, बरोबर असेल; त्या निर्णयाला 'आपला' म्हणता येते. किलिंग्टनच्या लिफ्टबाबत माझ्या विद्यार्थ्याला कोणी विचारले नव्हते. त्याला ती आवडली, एवढेच.

आणखी एक गोष्ट. किलिंग्टनचा माथा राज्याच्या वनजमिनीत आहे. कंपनी तिथे भाडेपट्ट्याने आहे. ऑरेगनमधले माउंट बॅचलर तर राष्ट्रीय वनात आहे. म्हणजे डोंगर कागदोपत्री जनतेचाच. विकला जातो तो त्यावर लोकांना वर नेण्याचा धंदा. 2024 मध्ये पावडरने माउंट बॅचलरही विकायला काढले, तेव्हा पायथ्याच्या बेंड शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन ते घेण्याची तयारी सुरू केली. त्यांनी गट स्थापला, गुंतवणूकदार शोधले, बैठका घेतल्या. मार्च 2025 मध्ये कंपनीने जाहीर केले की विक्रीचा विचार रद्द झाला आहे. डोंगर आम्ही आमच्याकडेच ठेवत आहोत.

या वाक्यातल्या सर्वनामाचे भाषांतर करताना मला क्षणभरही अडखळावे लागले नाही.