मंत्राने उतरलेले विष

पावसाळा लागला की गावोगावी ‘पान लागल्या’च्या बातम्या सुरू होतात. साप चावलेल्या माणसाला आधी भगताकडे किंवा देवळात नेतात. कडुलिंबाचा पाला चावायला देतात. तो कडू लागला तर विष चढलेले नाही, असे मानतात. मंत्र म्हटले जातात आणि पुष्कळदा तासाभराने माणूस खरोखरच उठून बसतो. शहरात बसून याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण तो उठून बसलेला माणूस गावाने डोळ्यांनी पाहिलेला असतो. अंधश्रद्धेशी लढणाऱ्यांनी आधी त्याचा विचार केला पाहिजे.

भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी आहेत. धामण किंवा दिवड चावल्याने माणूस मरत नाही. नाग, घोणस चावले तरी प्रत्येक दंशात विष सोडले जातेच असे नाही. म्हणजे भगताकडे आलेल्यांपैकी अनेक जण काहीही केले नसते तरी वाचले असते. श्रेय मात्र मंत्राला मिळते. वाचलेला चार गावांत सांगत फिरतो. जो जातो त्याच्याबद्दल ‘आणायला उशीर केला’, ‘वेळच भरली होती’ एवढे बोलून विषय संपतो.

दवाखान्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते. मंत्राने ‘गुण आलेला’ माणूस तिथे जातच नाही. पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, श्वास अडकू लागला, की मग जीप शोधली जाते. दवाखान्याच्या वाट्याला येतात ती विष भिनलेली आणि उशिरा आणलेली माणसे. त्यांतली काही दगावतात. हे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या गावकऱ्याने ‘भगताकडे माणसे वाचतात, दवाखान्यात मरतात’ असा निष्कर्ष काढला, तर त्याचे निरीक्षण खोटे नसते. निष्कर्ष चुकलेला असतो. अमुक खडा घातला आणि बढती मिळाली, असे सांगणारे पदवीधरही हीच चूक करतात. फलले ते लक्षात ठेवायचे आणि फसले ते विसरायचे, ही माणसाच्या मनाची जुनी खोड आहे. शाळा-कॉलेजने ती आपोआप जात नाही.

या खोडीच्या जोडीला असते असहायता. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले होते. शांत खाडीत मासेमारी करताना तिथले कोळी जादूटोणा करत नसत. खुल्या, धोक्याच्या समुद्रात जाताना मात्र सारे विधी यथासांग होत. कोळी तेच, त्यांची अक्कलही तीच. भरवसा संपला तिथे मंत्र सुरू झाला होता. रात्री दोन वाजता, पावसात, डॉक्टर असेल की नाही याची खात्री नसताना एखादी आई लेकराला घेऊन भगताच्या दारात उभी राहते, तेव्हा तिची अवस्था याहून वेगळी नसते. भगत जागा असतो, ओळखीचा असतो आणि ‘काही होणार नाही’ असे म्हणतो.

या भरवशाची किंमत भयंकर आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि त्या ‘बाहेरची बाधा’ समजून उतारा टाकला जातो. तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेले असतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि आपल्या हाफकिन संस्थेचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. भुकटीच्या रूपातली लस खेड्यातही टिकते. प्रश्न ती देणाऱ्या हातांचा आहे. लसीची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातला एकटा, नवखा डॉक्टर घाबरतो आणि रुग्णाला पुढे धाडतो. त्या प्रवासात जीव जातो आणि गावाच्या समजुतीला आणखी एक दाखला मिळतो.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कायदा हवाच होता आणि तो कठोरपणे राबवलाही पाहिजे. पण रात्री डॉक्टर नसलेल्या आरोग्य केंद्राला तो लागू होत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट आहे. राज्य सरकारने त्यातला आपला वाटा या पावसाळ्याआधीच उचलावा. सर्पदंशाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक केंद्रात लसीबरोबर रिअॅक्शन हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर रात्री मुक्कामी असावा. भगतांनाही आरोग्य खात्याने बोलावून घ्यावे आणि लक्षणे शिकवावीत. भगताने मंत्र म्हणायचाच असेल तर तो रुग्णाबरोबर १०८ च्या गाडीत बसून म्हणावा.